पांढरी सातमधली व्हर्नेटा

लेम टॉलिव्हर बाल्टिमोर शहरात बस चालवतो. त्याच्या बसमध्ये चढणारी पन्नाशीपुढची माणसं त्याला साधं 'काय, कसं काय' असं विचारत नाहीत. पायरीवर पाय ठेवतानाच ती जाड आवाज काढून 'डिम-अ-डूम, डिम-अ-डूम' म्हणतात आणि लेमने पुढचं 'व्हर्नेटा' म्हणावं म्हणून तिथेच थांबतात. मागे रांग खोळंबते. लेम म्हणतो, "आत सरका, आत सरका." मग ती माणसं व्हर्नेटा स्वतःच म्हणून टाकतात, बहुधा बेसूर, आणि हसत जागा शोधतात.

एकदा मी त्याच्या मागच्याच सीटवर होतो. नॉर्थ अव्हेन्यूला एक बाई दोन पिशव्या घेऊन चढली आणि त्याच्याकडे बघतच राहिली.

"तूच ना रे तो? आमच्या लग्नात तुझंच गाणं लावलं होतं."

"अरे वा. नवरा कसा आहे?"

"गेला सोडून. गाणं तेवढं राहिलं."

"माझंही तसंच आहे," लेम म्हणाला आणि त्याने दार लावलं.

मी गस फिनी. ड्रुइडेल्स या आमच्या चौघांच्या ग्रुपमधला मधला आवाज माझा. लोक घरी जाऊन आमचं गाणं गुणगुणतात तेव्हा लेमचा भाग गुणगुणतात, नाहीतर होझियाचा खर्ज. माझा भाग आजवर कुणी गुणगुणलेला मी ऐकला नाही. मी कॉमर्सच्या शाळेत शिकलो, गॅस कंपनीच्या हिशेब खात्यात नोकरीला लागलो आणि येत्या वसंतात तिथूनच निवृत्त होईन. तालमीला वेळेवर येणारा मी एकटाच, त्यामुळे सूर द्यायची शिट्टी पहिल्यापासून माझ्या खिशात. बुटाच्या पॉलिशच्या डबीएवढी ही गोल शिट्टी. कडेने भोकं असतात, हवा तो सूर फुंकायचा, तो कानात धरून चौघांनी सुरू करायचं. वाद्यं आमच्याकडे कधी नव्हतीच.

व्हर्नेटा कोण, हे बसमधल्या लोकांना ठाऊक नाही. त्यांना वाटतं लेमची कुणी मैत्रीण असेल.

व्हर्नेटा लेमची मोठी बहीण. आई लवकर गेली, वडील बंदरावर हमाली करायचे, त्यामुळे लेमला तिनेच वाढवलं. आमच्या गल्लीत प्रत्येक घरापुढे पांढऱ्या संगमरवराच्या तीन-चार पायऱ्या असतात आणि त्या शनिवारी घासायच्या असतात. ज्या घरच्या पायऱ्या काळ्या, त्या घरात आळशी बाई, असा सरळ हिशेब. व्हर्नेटा गुडघे टेकून बसायची आणि ब्रश पुढे-मागे, पुढे-मागे असा सावकाश फिरवत गुणगुणायची. छोटा लेम वरच्या पायरीवर बसून ते ऐकायचा. "पाय उचल रे, राजपुत्रा," ती म्हणायची. तो पाय उचलायचा आणि परत तिथेच ठेवायचा. ती ओला ब्रश त्याच्या तळपायाला लावायची.

लेम अकरा वर्षांचा असताना तिला क्षय झाला आणि शहराबाहेरच्या एका इस्पितळात नेलं. लहान मुलांना आत सोडत नसत. वडील वर जायचे, लेम खाली हिरवळीवर उभा राहायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीकडे बघून तो बोंबलायचा, 'व्हर्नेटाऽऽ'. कधी खिडकीत हात दिसायचा, कधी नाही. पुढच्या हिवाळ्यात ती गेली.

हे त्याने आम्हाला सांगितलं तेव्हा आम्ही सतरा वर्षांचे होतो. शाळेच्या मुतारीत गायचो, कारण तिथल्या फरशीमुळे आवाज चांगला घुमतो. होझिया पिंकनी तेव्हाही धिप्पाड होता. रूडी वरचे सूर घ्यायचा आणि मधल्या सुट्टीत पोरांचे केस कापायचा. लेमने गाणं आणलं, ते सावकाश होतं. ब्रश जितक्या सावकाश फिरतो तितकीच त्याची लय. पट्टी पांढरी सहा. मध्ये एका जागी आम्ही तिघं एकदम थांबायचो आणि लेम एकटाच हाक मारायचा, 'व्हर्नेटाऽऽ', मग पुन्हा सगळे. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा बाहेर उभा असलेला शिपाई आत आला, आणि त्याने आम्हाला हाकललं नाही.

गाण्याची तबकडी काढली मिस्टर ग्रोव्ह नावाच्या माणसाने. गोदामामागे त्याचं रेकॉर्डिंगचं दुकान होतं. आम्ही गायलो. तो काचेमागून बाहेर आला आणि म्हणाला, "कोण मेलंय?"

आम्ही तिघांनी लेमकडे बघितलं.

"पोरींना नाचायचं असतं रे. मुलीचं नाव घ्यायचं आणि तोंड असं सुतकी? जरा पळवा. आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर टाळ्या द्या. होझिया, तू तो डूम-डूम उड्या मारल्यासारखा कर."

आम्ही सतरा वर्षांचे होतो आणि तबकडी निघणार होती. आम्ही पळवलं. टाळ्या दिल्या. खरं सांगायचं तर मजाही आली. लेमसुद्धा हसत होता.

महिन्याभराने रूडीच्या काकाच्या दुकानातल्या रेडिओवर ते लागलं आणि आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. आवाज आमचेच होते, पण आम्ही बारा-तेरा वर्षांची पोरं वाटत होतो. ग्रोव्हने तबकडी करताना फीत जास्त वेगाने फिरवली होती. आम्ही पळवलं होतं त्यापेक्षाही गाणं जास्त पळत होतं, आणि पट्टी अख्खा एक सूर वर, पांढरी सातवर जाऊन बसली होती. लेमची ती हाक तर पतंगासारखी वर गेली होती. माणसाच्या गळ्यातली वाटतच नव्हती.

"हा मी नाही," लेम म्हणाला.

"गप रे," होझिया म्हणाला, "केवढा भारी वाटतोयस."

पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूच्या थिएटरने आम्हाला बोलावलं. लोकांना तबकडीवर होतं तसंच हवं होतं, आणि आम्हाला ते येत नव्हतं. मग आम्ही होझियाच्या आईच्या स्वयंपाकघरात तबकडी लावून बसलो आणि आमचंच गाणं शिकलो. सुई उचलायची, मागे ठेवायची, पुन्हा ऐकायचं. लेमला ती हाक त्या उंचीवर काढायला आठवडा लागला. छातीतून ती निघेना. अखेर त्याने गळ्याच्या अगदी वरच्या टोकाला एक बारीक वाट शोधली आणि तिथून ती काढली. होझियाची आई मासा तळत होती. ती म्हणाली, "हां, आता कसं रेडिओवरच्या पोरासारखं झालं."

तेव्हापासून आम्ही रेडिओवरच्या पोरांसारखेच गात आलो. दुसरी तबकडी चालली नाही, तिसरी निघालीच नाही. लोकांना आमचं एकच गाणं माहीत, त्या गाण्याची एकच पट्टी आणि एकच लय. लग्न, बारसं, चर्चची जत्रा, कुणाचा साठावा वाढदिवस. त्या गाण्यात तोंड पाडून चालत नाही. टाळ्या देत, खांदे हलवत, दात दाखवत म्हणावं लागतं. लेमने मेलेल्या बहिणीला हाक मारत दात दाखवले, बेचाळीस वर्षं.

जुन्या गाण्यांचे कार्यक्रम पुन्हा सुरू झाले तेव्हा फास आणखी आवळला. त्या कार्यक्रमांना पुढच्या रांगांत तबकड्या जमवणारे लोक बसतात. बहुतेक न्यू जर्सीचे इटालियन, मनाने फार चांगले, घरून डब्यात मिरच्या आणि सॉसेज आणतात आणि आम्हालाही देतात. पण गाणं तबकडीच्या पट्टीतच झालं पाहिजे. वय झालेल्या ग्रुपने पट्टी जरा खाली घेतली, की पुढच्या रांगेतून कुणीतरी मोठ्याने म्हणतं, "उतरवलं!" एवढा एकच शब्द. विल्मिंग्टनच्या एका ग्रुपला असं ऐकावं लागलं. ते गाणं पुरं करून गेले ते परत कुठल्या कार्यक्रमात दिसलेच नाहीत.

आमचा वर्षातून एकदाचा कार्यक्रम भरवणारा, साल आयनूझी. फरशा बसवायचा त्याचा धंदा, गुडघे गेलेले, आणि आमच्यावर जीव ओवाळून टाकणारा माणूस. भेटला की लेमचे दोन्ही गाल धरायचा. "राजा, तुझा तो वरचा सूर लागला आणि त्याच क्षणी माझ्या बायकोने माझा हात धरला. एकसष्ट साली. तो सूर मला दरवर्षी ऐकायचाच."

असल्या माणसाला काय सांगणार? लेम म्हणायचा, "ऐकवतो ना, साल."

पण अलीकडे तो सूर सहज येईनासा झाला. कार्यक्रमाआधी आठवडाभर लेम बसमध्येही बोलायचा नाही. गळ्याला फडकं गुंडाळून मीठपाण्याच्या गुळण्या करायचा. गेल्या वर्षी सूर लागला, पण मी शेजारी उभा होतो. त्याच्या मानेची शीर दोरीसारखी फुगली होती, आणि सुराच्या कडेला भेग गेलेली मला ऐकू आली. होझियालाही ऐकू आली असणार.

यंदा तालमीच्या पहिल्या दिवशी लेम लवकर आला. तालीम सोमवारी रूडीच्या सलूनमध्ये असते, कारण सोमवारी सलून बंद. मी नेहमीसारखा आधीच पोचलो होतो. तो खुर्चीत बसून आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला,

"गस, यंदा पांढरी सहा दे."

मी खिशातून शिट्टी काढून हातात धरली.

"आणि सावकाश. मुतारीत म्हणायचो तसं. एकदाच. माझा आवाज जाणार आहे, तुला ठाऊक आहे. जायच्या आधी मला ते एकदा लोकांसमोर तसं म्हणायचंय. तिचं गाणं आजवर कुणी ऐकलेलंच नाही रे."

होझिया आला. तो आता चर्चमध्ये डीकन आहे, म्हणजे पाद्र्याचा मदतनीस, गुडघेदुखीने काठी घेतो, पण खर्ज तसाच. सगळं ऐकून घेऊन त्याने काठी आपटली.

"वेड लागलंय का? पहिल्या रांगेतले उभं चिरतील आपल्याला."

"चिरू देत."

"तुला बस आहे, लेम. रूडीला कात्री आहे. याला पेन्शन मिळणार आहे. मला वर्षातून एकदा लोक ओळखतात, ते या डिम-अ-डूममुळे. ते पण सावकाश करून टाक, म्हणजे मी आहेच म्हातारा."

"मग एकदा म्हणून तरी बघू," रूडी म्हणाला. "इथे काय, दार बंद आहे."

मी पांढरी सहा फुंकली. होझियाने काठी भिंतीला टेकवली आणि सुरुवात केली. डिम... अ... डूम. उड्या नव्हत्या त्यात. रूडी आला, मी आलो. माझा भाग त्या लयीत इतका लांब होता की मला तो स्वतःला ऐकू आला. लेमने शब्द घेतले. तो ओरडत नव्हता, सांगत होता. मधल्या जागी आम्ही थांबलो आणि त्याने हाक मारली, भरदार आवाजात, छातीतून. मानेची शीर दिसली नाही.

गाणं संपलं तेव्हा सलूनच्या काचेबाहेर दोन बायका उभ्या होत्या. एकीने दार ढकलून आत डोकं घातलं.

"छान आहे. कुठल्या चर्चचं गाणं?"

"अहो बाई, व्हर्नेटा आहे हे!" रूडी म्हणाला.

"छे, काहीतरीच," असं म्हणून ती निघून गेली.

होझियाने रुमालाने मान पुसली. "एकदाच हं," तो म्हणाला. "आणि सालला आधी सांगायचं नाही. सांगितलं तर तो रडेल, आणि तो रडला की मला नाही म्हणता येत नाही."

पुढचे सगळे सोमवार आम्ही तसंच म्हटलं. पट्टी हलली नाही, लय हलली नाही. लेमने गुळण्या सोडल्या. बसमध्ये लोकांशी बोलायला लागला. एका म्हाताऱ्याने 'डिम-अ-डूम' म्हटल्यावर त्याने चक्क उत्तर दिलं, "रविवारी या हॉलवर, खरं ऐकवतो."

रविवारी दुपारी हॉल भरला होता. तळलेल्या माशाचा वास, हॅट घातलेल्या बायका, पुढच्या दोन रांगांत न्यू जर्सी. साल माइकवर आला आणि म्हणाला, "पोरगा साठीला टेकलाय, पण तो सूर अजून तिथेच आहे. अर्धासुद्धा उतरवलेला नाही!" लोकांनी पाय आपटले. पडद्याआड लेमने माझ्याकडे बघितलं. मी शिट्टीवर बोट ठेवून दाखवलं, पांढरी सहा.

आम्ही गेलो, उभे राहिलो. मी फुंकलं. होझियाने सुरुवात केली, डिम... अ... डूम.

पहिल्या रांगेतले दोघं एकमेकांकडे वळले. पण कुणी 'उतरवलं' म्हटलं नाही. बाकीच्या हॉलला वाटलं की ही गंमत आहे, आधी सावकाश सुरू करून मग पळवणार. लोक आनंदाने पुढे वाकले. लेमने डोळे मिटून पहिलं कडवं घेतलं. ब्रश पुढे, ब्रश मागे. मला वाटलं, जमलं.

मग टाळ्या सुरू झाल्या. वाईट हेतूने नव्हे. बेचाळीस वर्षांची सवय, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. त्यांच्या हातांना ती एकच लय माहीत. आधी मागच्या बाजूने आल्या, मग बाल्कनीतून, मग सगळीकडून. आम्ही त्यांच्या मागे पडायला लागलो. चारशे माणसं एका लयीत टाळ्या देत असताना चौघांनी दुसऱ्या लयीत गाणं म्हणजे नदीत उलटं पोहणं. होझियाने धरून ठेवायचा प्रयत्न केला. त्याची काठी माइकच्या दांड्याला टेकलेली होती, ती हळूहळू टाळ्यांबरोबर हलायला लागली. मी बघत होतो. दुसऱ्या कडव्यात त्याचा डूम उडी मारून आला, आणि हॉल ओरडला. रूडी हसला. मीही धावायला लागलो होतो.

पट्टी मात्र अजून पांढरी सहाच होती. तेवढं उरलं होतं.

मधली जागा आली. आम्ही थांबलो. टाळ्याही थांबल्या, कारण लोकांना ही जागा आमच्याइतकीच पाठ आहे. एकदम शांतता. लेमने डोळे उघडले, मान वर केली. पुढच्या रांगेत साल दोन्ही हात छातीशी धरून उभा होता.

लेमने हाक मारली, ती पांढरी सातमध्ये. पूर्वीच्याच उंचीवर, त्याच बारीक वाटेने, त्याच पतंगासारखी. भेग गेली नाही. गेल्या दहा वर्षांत लागला नव्हता इतका स्वच्छ सूर लागला आणि तो त्याने धरून ठेवला. हॉल उठून उभा राहिला. आम्ही तिघं त्याच्या मागोमाग वर गेलो. शेवट नेहमीसारखा झाला, टाळ्या, खांदे, दात. शेवटच्या सुरावर माझा हात खिशातल्या शिट्टीवर होता, पण तपासायची गरज नव्हती.

साल आत आला तो रडतच. त्याने लेमचे गाल धरले. "लबाडा! सावकाश सुरू करून फसवलंस! मला वाटलं उतरवलंत. पुढच्या वर्षी हेच, असंच, शप्पथ घे."

"हेच," होझिया म्हणाला, लेमने तोंड उघडायच्या आत.

साल गेल्यावर लेम खुर्चीत बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. मी विचारलं, "काय झालं रे? सवय?"

त्याने एक बूट काढला, मग दुसरा.

"काय माहीत," तो म्हणाला. "मान वर केली आणि वाटलं, एवढ्या खालून तिला ऐकू जाणार नाही."

आम्ही दोघं बसनेच घरी निघालो. लेमला सुट्टीच्या दिवशी गाडी चालवायला आवडत नाही. बसवर त्याच्याच डेपोतला एक पोरगेला ड्रायव्हर होता. लेमला चढताना बघून त्याने दोन्ही हात वर केले.

"डिम-अ-डूम, टॉलिव्हर काका! ऐकलं मी, आज सूर छताला लागला म्हणे!"

"पुढे बघ," लेम म्हणाला. "सिग्नल लाल आहे."

आम्ही मागे जाऊन बसलो. गल्ल्या जात होत्या, पायऱ्या जात होत्या. रविवार असल्याने त्या घासून पांढऱ्या होत्या. लेम खिडकीतून त्या बघत होता. पोरग्याने सिग्नलवर थांबल्या-थांबल्या स्टिअरिंगवर बोटं आपटायला सुरुवात केली, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, भरपूर वेगात. पुढच्या सीटवरच्या दोन बायका गुणगुणायला लागल्या.

"लय कमी कर रे जरा," लेम पुटपुटला. पुढे ते ऐकू जाणं शक्य नव्हतं. त्याचा पाय मात्र सीटखाली त्याच वेगात हलत होता, आणि तो थांबवायला त्याने हात गुडघ्यावर दाबून ठेवला होता.